एकच माल्ट, दोन धूर

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत आयला नावाचे बेट आहे. सुमारे ६२० चौरस किलोमीटर क्षेत्रफळ, तीन हजारांच्या आसपास वस्ती, झाडे कमी, वारा भरपूर आणि जमिनीचा मोठा भाग पीटच्या दलदलीने व्यापलेला. बेटाच्या दक्षिण टोकाला पोर्ट एलन हे गाव आहे. तेथे १९७३ पासून बार्लीचे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले दाणे, तयार करणारा मोठा कारखाना असून बेटावरील व्हिस्की गाळणाऱ्या अनेक डिस्टिलऱ्यांनी वर्षानुवर्षे आपले माल्ट तेथून घेतले आहे. त्यांपैकी दोन डिस्टिलऱ्यांविषयी मला लिहायचे आहे. पहिली लॅगव्हूलिन. ती १८१६ सालची असून पोर्ट एलनपासून काही किलोमीटरवर, दक्षिण किनाऱ्यावरच आहे. दुसरी कल-ईला. ती १८४६ साली बेटाच्या ईशान्येला, जुरा बेटासमोरच्या अरुंद सामुद्रधुनीच्या काठी उभी राहिली.

दोन्हींकडे जाणारे माल्ट एकाच कारखान्यातले आणि जवळपास सारख्याच धुराचे असते. या धंद्यातल्या भाषेत सांगायचे तर साधारण ३५ पीपीएमचे; माल्टला किती धूर लागला आहे याचे हे माप. लॅगव्हूलिनची १६ वर्षे मुरलेली आणि कल-ईलाची १२ वर्षे मुरलेली, या दोन्ही नेहमी मिळणाऱ्या बाटल्यांत अल्कोहोलही सारखेच आहे, ४३ टक्के. तरीही दोन पेले एकामागून एक नाकाशी धरले तर फरक लपत नाही. लॅगव्हूलिनचा धूर दाट, गोडसर आणि अंगावर येणारा आहे. ओले लाकूड रात्रभर धुमसत राहावे आणि शेजारी मनुकांचा डबा उघडा असावा, तसा. कल-ईलाचा धूर पातळ, स्वच्छ, लिंबाच्या सालीच्या वासाला लागून येणारा आहे. चूल दोन घरे पलीकडे पेटलेली असावी, तसा. कच्चा माल एक, धुराचा आकडा एक, आणि नाकाला मिळणारा धूर मात्र दोन प्रकारचा. धुरकट सिंगल माल्टची चव घेताना आणि तिला गुण देताना जे जे घडते, त्यातले बहुतेक या एका फरकात दडलेले आहे.

प्रथम धुराविषयी. सिंगल माल्ट स्कॉच म्हणजे केवळ अंकुरित बार्लीपासून, एकाच डिस्टिलरीत, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये (मद्य उकळून त्याची वाफ काढणाऱ्या भांड्यात) गाळलेली आणि स्कॉटलंडमध्येच ओकच्या पिंपात निदान तीन वर्षे मुरवलेली व्हिस्की. बार्लीला आपण सातू किंवा जव म्हणतो. ती दोन-तीन दिवस भिजवतात, मग सुमारे पाच दिवस मोड येऊ देतात आणि मोड पुढे वाढू नयेत म्हणून गरम हवेने वाळवतात. या वाळवण्याच्या सुरुवातीला, दाणे अजून ओलसर असताना, खालून पीटचा धूर सोडला तर तो सालाला चिकटतो. दाणा कोरडा पडला की धूर धरून ठेवण्याची त्याची क्षमता कमी होते. म्हणून धूर देण्याचे काम पहिल्या काही तासांतच उरकावे लागते.

पीट म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. थंड, आम्लधर्मी आणि पाण्याने कायम भरलेल्या जमिनीत प्राणवायू पोहोचत नाही, त्यामुळे स्फॅग्नम नावाची शेवाळासारखी वनस्पती, हेदरची झुडपे आणि गवते मेल्यावर पूर्ण कुजत नाहीत. ती एकावर एक साचत जातात. हा थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे माणसाच्या उंचीइतक्या खोल चरातून काढलेला पीटचा तुकडा दीड-पावणेदोन हजार वर्षांपूर्वीच्या वनस्पतींचा असू शकतो. जगाच्या जमिनीपैकी केवळ तीन टक्क्यांच्या आसपास भाग पीटभूमीखाली आहे, पण तिच्यात साठलेला कार्बन जगातील सर्व जंगलांतील झाडांत साठलेल्या कार्बनपेक्षा जास्त आहे. म्हणून पीटचा प्रत्येक तुकडा काटकसरीने वापरला जावा, असे मला मनापासून वाटते.

वनस्पतीच्या काठिण्याला कारण असलेले लिग्निन हे संयुग ज्वालेविना धुमसले की त्याचे तुकडे होतात आणि त्यांतून ग्वायकोल, फिनॉल, क्रेसॉल, झायलेनॉल अशी फिनॉलवर्गातील लहान, वासाची संयुगे हवेत येतात. स्फॅग्नममध्ये खरे लिग्निन नसते, पण त्यातही फिनॉलवर्गीय घटक असतात आणि तेही धुरात उतरतात. मराठी वाचकाला हा वास परका नाही. गाय-बैल गवतातले सेल्युलोज पचवतात, लिग्निन मात्र पचवू शकत नाहीत. ते शेणातून बाहेर पडते. हुरड्याच्या आगटीत धुमसणाऱ्या गोवऱ्यांचा धूर आणि आयलाच्या भट्टीतला धूर यांचे रासायनिक कूळ त्यामुळे एकच आहे. वांग्याच्या भरिताला कोळशाचा धुंगार देणाऱ्या हाताला ग्वायकोल हे नाव माहीत नसेल, वास मात्र पक्का माहीत असतो.

ग्वायकोलचे नातेवाईकही ओळखीचे आहेत. लवंगेचा वास ज्या युजेनॉलमुळे येतो आणि व्हॅनिलाचा वास ज्या व्हॅनिलीनमुळे येतो, ते दोन्ही रेणू ग्वायकोलच्याच सांगाड्यावर बेतलेले आहेत. चव सांगणारा माणूस 'धूर, लवंग, व्हॅनिला' असे शब्द एका दमात उच्चारतो तेव्हा ती कल्पनेची भरारी नसते. एकाच घराण्यातील तीन रेणू तो नाकाने ओळखत असतो. फिनॉल आणि क्रेसॉल यांचा वास वेगळा, औषधी असतो. जोसेफ लिस्टर यांनी १८६५ साली ग्लासगोच्या इस्पितळात जखमा निर्जंतुक करण्यासाठी जे कार्बोलिक आम्ल वापरले, ते फिनॉलच होते. जुन्या पिढीने न्हाणीघरात वापरलेला लाल लाइफबॉय हाही कार्बोलिक साबण. आयलाच्या काही व्हिस्कींना 'दवाखान्याचा वास येतो' असे लोक म्हणतात तेव्हा ते अगदी अचूक बोलत असतात.

आता तो आकडा. पीपीएम म्हणजे दशलक्ष भागांतील भाग. ३५ पीपीएमच्या एक किलो माल्टमध्ये ३५ मिलिग्रॅम फिनॉलवर्गीय संयुगे असतात. बाटल्यांच्या जाहिरातींत हा आकडा ठळकपणे मिरवला जातो. याच बेटावरची लाफ्रॉयग चाळीस ते पंचेचाळीस, आर्डबेग पंचावन्न, आणि ब्रुकलॅडी येथे तयार होणाऱ्या ऑक्टोमोरच्या एका आवृत्तीचे माल्ट तर ३०९ पीपीएमचे होते. मात्र हा आकडा जवळजवळ नेहमी माल्टचा असतो, व्हिस्कीचा नव्हे. माल्ट दळून गरम पाण्यात भिजवले की धुराचा बराचसा भाग सालांबरोबर चोथ्यात राहतो, काही भाग गाळून उरलेल्या पाण्यात जातो आणि स्टिलमधून बाहेर पडणाऱ्या ताज्या मद्यात साधारण एकतृतीयांश ते निम्माच उरतो. शिवाय या बेरजेत सगळ्या फिनॉलांना एकच वजन दिलेले असते आणि नाक तसे करत नाही. पाण्यातला ग्वायकोल नाकाला जाणवण्यासाठी जेवढा लागतो, त्याच्या शेकडो पट साधे फिनॉल असल्याशिवाय ते जाणवत नाही. एका माल्टमध्ये ग्वायकोल जास्त आणि दुसऱ्यात फिनॉल जास्त असेल, तर दोघांचा आकडा ३५ असूनही नाकाला धूर वेगवेगळा लागतो.

लॅगव्हूलिन आणि कल-ईला यांच्या बाबतीत मात्र माल्ट एकच आहे. तेव्हा त्यांची वाट फुटते ती स्टिलमध्ये. पॉट स्टिलमधून मद्य एकाच स्वरूपात बाहेर येत नाही. सुरुवातीला अतिशय उडनशील, तिखट वासाचे घटक येतात, मधला भाग ठेवायचा असतो आणि शेवटी जड, तेलकट घटक येऊ लागतात. फिनॉलवर्गीय संयुगे उशिरा, मधल्या भागाच्या उत्तरार्धात जोर धरतात. कामगार मधला भाग कोठे थांबवतो यावर किती धूर पिंपात जाणार हे ठरते. लॅगव्हूलिनमध्ये ही तोड उशिरा घेतात. तेथील स्टिल नासपतीच्या आकाराच्या असून बऱ्याच भरून चालवल्या जातात, त्यामुळे वाफेला तांब्याचा सहवास कमी मिळतो आणि जड घटक सहज पार होतात. कल-ईलाच्या स्टिल मोठ्या आहेत, त्या कमी भरतात आणि तोड लवकर घेतात. वाफ वर चढते, थंड होऊन पुन्हा खाली येते, पुन्हा चढते. या येरझाऱ्यांत जड घटक मागे राहतात आणि फळांसारखे हलके वास पुढे निघून जातात. एकाच शेतातल्या ज्वारीची भाकरी दोन घरांत दोन तऱ्हांची होते, त्याचे कारण पिठात कमी आणि तवा-जाळात जास्त असते; येथेही तसेच आहे.

पिंपात गेल्यावर धूर वाढत नाही. वर्षे जातात तसे फिनॉल हळूहळू कमी होतात आणि ओकच्या लाकडातून व्हॅनिलीन, मसालेदार व गोड घटक मद्यात उतरून त्यांना झाकतात. म्हणून एकाच डिस्टिलरीची तरुण व्हिस्की वयस्कर व्हिस्कीपेक्षा बहुधा जास्त धुरकट लागते. या हिशेबाने १६ वर्षांच्या लॅगव्हूलिनचा धूर १२ वर्षांच्या कल-ईलापेक्षा सौम्य असायला हवा. तो तसा नाही. स्टिलमधल्या निर्णयांचे वजन किती असते, हे यावरून कळते.

व्हिस्की पेल्यात येते तोपर्यंतचा भाग हा झाला. पेल्यापासून पुढचा भाग नाकाचा आणि मेंदूचा आहे, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो.

जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढेच कळते. धूर जिभेला कळत नाही. घोट गिळल्यावर वास घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढतो आणि आपल्याला वाटते की धुराची 'चव' लागली. माणसाच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राही असतात. त्यांपैकी ओआर१०जी४ नावाचा एक ग्राही ग्वायकोलला प्रतिसाद देतो आणि त्याची जनुकीय घडण सर्व माणसांत सारखी नसते. २०१४ साली 'नेचर न्यूरोसायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की या एका ग्राहीची आवृत्ती बदलली की ग्वायकोल किती तीव्र वाटतो आणि किती सुखद वाटतो, या दोन्ही गोष्टी बदलतात. याच संशोधनानुसार कोणत्याही दोन माणसांमधील गंधग्राहींपैकी ३० टक्क्यांहून अधिक ग्राही कार्याच्या दृष्टीने वेगळे असतात. धुरकट व्हिस्कीवरून दोन जाणकारांमध्ये वाद होतो, एकाला ती अप्रतिम वाटते आणि दुसऱ्याला जळक्या रबरासारखी, तेव्हा दोघेही खरे बोलत असू शकतात. त्यांच्या नाकांत एकच रेणू शिरलेला असतो, पण तो वेगवेगळ्या दारांवर थाप मारतो.

म्हणून गुण देण्याआधी स्वतःचे नाक ओळखणे आवश्यक आहे, आणि ते घाईने होत नाही. पेला तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता असावा; वास तोंडाशी गोळा होतो. मद्य १५ मिलिलिटरपेक्षा जास्त घेण्याचे कारण नाही, कारण परीक्षेतला मोठा वाटा वासाचाच असतो. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट म्हटले आहे. चव घेणाऱ्याने थोडेच घेणे हे त्याच्या अभ्यासाच्याही हिताचे आहे. पहिल्यांदा पेला हनुवटीपाशी धरावा, मग हळूहळू वर आणावा, तोंड किंचित उघडे ठेवावे. एकाच वासावर नाक रोखून धरले की मिनिटभरात त्या वासाची जाणीव बोथट होते. अशा वेळी स्वतःच्या सदऱ्याची बाही हुंगावी. तो वास नाकाच्या सवयीचा असल्याने त्याला विसावा मिळतो.

पहिला घोट गुणांसाठी धरू नये. अल्कोहोलमुळे तोंडातील उष्णता ओळखणाऱ्या ग्राहीचा उंबरठा खाली येतो. एरवी ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास जागा होणारा हा ग्राही अल्कोहोलच्या सान्निध्यात ३४ अंशांच्या सुमारासच जागा होतो. तोंडाचे तापमान त्याहून जास्त असते, म्हणून घोट गार असूनही पोळल्यासारखा वाटतो. मिरचीतला कॅप्सेसिन नेमका याच ग्राहीला जागवतो. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला ही आग शमलेली असते आणि तिच्यामागचे तपशील दिसू लागतात.

पाण्याविषयी फार वाद घातले जातात. स्वीडनमधील लिनियस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकावर पाणी, अल्कोहोल आणि ग्वायकोल यांच्या रेणूंची हालचाल तपासली. ग्वायकोलच्या रेणूचा एक भाग पाण्याशी जुळवून घेतो आणि दुसरा पाण्यापासून दूर राहू पाहतो. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असताना तो द्रवाच्या पृष्ठभागाजवळ, हवेच्या सीमेवर, राहणे पसंत करतो; ते ५९ टक्क्यांच्या वर गेले की अल्कोहोलचे रेणू त्याला वेढतात आणि तो द्रवात आत खेचला जातो. थेट पिंपातून भरलेल्या, साठ टक्क्यांच्या व्हिस्कीत चमचाभर पाणी घातल्यावर धूर अचानक मोकळा झाल्यासारखा का वाटतो, याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण येथे मिळते. आपल्या दोन बाटल्या ४३ टक्क्यांच्या असल्याने त्यांत असा मोठा पालट अपेक्षित नाही. व्यावसायिक मिश्रणकार मात्र नमुने २० टक्क्यांपर्यंत पातळ करून हुंगतात. त्या पातळीला अल्कोहोलचा झोंबणारा पडदा बाजूला होतो, आणि दिवसभर पुष्कळ नमुने तपासायचे असल्याने नाकही टिकते.

मग गुण. शंभरांपैकी गुण देण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. वास, चव, मागे रेंगाळणारा स्वाद आणि समतोल यांना प्रत्येकी २५. व्यवहारात पंचाहत्तरच्या खाली क्वचितच कोणी जातो आणि पंचाण्णवच्या वर क्वचितच. म्हणजे शंभरांची वाटणारी पट्टी खरोखर वीसेक घरांची आहे, आणि ८८ व ९० यांतला फरक त्या पट्टीचा एक दशांश आहे. नाकाची अचूकता तेवढी असते का, हे तपासून पाहावे म्हणून मी आणि माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने पुण्यातल्या घरी एक प्रयोग केला. तीन सारखे पेले घ्यायचे, दोनांत एक व्हिस्की आणि तिसऱ्यात दुसरी; वेगळा पेला कोणता ते केवळ हुंगून सांगायचे. यास त्रिकोणी चाचणी म्हणतात. लॅगव्हूलिनचा रंग गडद आणि कल-ईलाचा फिका असल्याने पेल्यांना बाहेरून काळा कागद गुंडाळला, वर बशी झाकली आणि पेले मांडण्याचे काम शेजारच्या खोलीत तिसऱ्या माणसाकडे दिले. दोन संध्याकाळी प्रत्येकी तीन फेऱ्या केल्या.

सहापैकी पाच वेळा मी बरोबर ठरलो. निव्वळ अंदाजाने प्रत्येक फेरीत बरोबर येण्याची शक्यता एकतृतीयांश असते. सहापैकी निदान पाच वेळा तसे घडण्याची शक्यता ७२९ मध्ये १३, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. तेव्हा फरक खरोखर जाणवत होता असे म्हणता येते. पण प्रत्येक फेरीत मी सर्व पेल्यांना वासाचे गुणही दिले होते, आणि ते नंतर जुळवून पाहिल्यावर जे दिसले ते मला जास्त मोलाचे वाटते. पंचवीसपैकी गुण देताना एकाच बाटलीतल्या लॅगव्हूलिनला मी एकदा २३ आणि एकदा १९ दिले होते. कमी गुण त्या संध्याकाळच्या शेवटच्या फेरीत पडले होते, नाक थकल्यावर. दोन व्हिस्की ओळखण्यात मी फारसा चुकलो नाही, त्यांना तोलण्यात मात्र चार गुणांनी डळमळलो. तेव्हापासून दुसऱ्या कोणी दिलेले ८९ आणि ९१ वाचताना मी त्या दोन आकड्यांना एकच समजतो.

रंग झाकणे ही औपचारिकता नव्हे. बोर्दो येथे केलेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन गंधहीन लाल रंग घालून दिली गेली, तेव्हा त्यांनी तिच्या वासाचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. स्कॉचमध्ये रंगासाठी साधे कॅरॅमल घालण्याची कायद्याने मुभा आहे, म्हणून गडद रंग पाहून 'जुनी आणि दमदार' असे ठरवणे धोक्याचे ठरते. धुराची तीव्रता आणि व्हिस्कीचा दर्जा यांचीही अशीच गल्लत होते. यासाठी मी वहीत दोन वेगळे रकाने ठेवतो: धूर किती, हे शून्य ते पाच, आणि आवडली किती, हे निराळे. शब्दांसाठी स्कॉटलंडमधील पेंटलँड्स संशोधन संस्थेने १९७९ साली मांडलेले स्वादचक्र अजूनही उपयोगी पडते. त्यात धुराचे घर मधल्या वर्तुळात 'फिनॉलिक' या एकाच शब्दाने सुरू होते आणि बाहेरच्या बाजूला औषधी, पीटसारखा, खारवून धुरी दिलेल्या माशांसारखा, अशा फांद्या फुटतात. 'छान', 'दमदार' असे शब्द टाळून या फांद्यांपैकी एखादी निवडली की गुण डळमळला तरी वर्णन टिकते.

आपल्या जवळची जागा सांगायची तर दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळी. तेथील पॉल जॉन डिस्टिलरी भारतीय बार्लीपासून सिंगल माल्ट बनवते आणि धुरकट व्हिस्कींसाठी पीट स्कॉटलंडहून आणवते. धूर तिकडचा, हवामान मात्र गोव्याचे. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के मद्य हवेत उडून जाते, गोव्यात सुमारे आठ टक्के. उष्णतेने लाकूड आणि मद्य यांची देवाणघेवाण वेगाने होते, त्यामुळे तेथील पाच-सहा वर्षे आयलाच्या पाच-सहा वर्षांशी जुळत नाहीत, आणि गोड लाकडाचा थर धुरावर लवकर चढतो. या व्हिस्कीला आयलाच्या मापाने गुण देणे मला न्याय्य वाटत नाही. तिच्या शेजारी ठेवायची असेल तर दुसरी भारतीय धुरकट व्हिस्की ठेवावी, उदाहरणार्थ बंगळुरूच्या अमृतची.

चाचणीच्या दुसऱ्या रात्री पेले न धुता ओट्यावर तसेच राहिले. सकाळी चहा टाकण्याआधी मी एकेक उचलून हुंगला. अल्कोहोल ७८ अंशांना उकळते, फळांसारखे हलके वासही तसेच उडनशील. ते रात्रीतून निघून गेले होते. ग्वायकोलचा उत्कलनबिंदू २०५ अंश आहे, फिनॉलचा १८२. ते काचेला चिकटून राहिले होते. कल-ईलाच्या पेल्यात आता लिंबू नव्हते, लॅगव्हूलिनच्या पेल्यात मनुका नव्हत्या. काळा कागद अजून बाहेरून तसाच होता, आणि दोन्ही पेल्यांतून विझलेल्या आगटीच्या राखेचा, अगदी सारखा, एकच वास येत होता.